गिटारची किनार का तडकते?

आमच्या मामांना त्यांची गिटार जिवापाड प्रिय होती. गोव्याच्या घरी सणासुदीला ती वाजली नाही, असे क्वचितच घडे. पुढे वार्धक्याने बोटे चालेनाशी झाली, तेव्हा मामांनी ती मखमली अस्तराच्या काळ्या पेटीत निजवली, पेटी आमच्या स्वाधीन केली आणि कोंकणीत एवढेच म्हटले, "सांबाळून दवर." म्हणजे, जपून ठेव. आम्ही नोकरीनिमित्त हैदराबादेस आलो, तेव्हा पेटीही आली आणि कपाटावर चढली. धूळ लागू नये, मुलांचे हात लागू नयेत, म्हणून कित्येक वर्षे आम्ही ती उघडलीही नाही.

स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलांना गिटार हवी होती, म्हणून शेवटी पेटी उघडली. आत कापरासारखा, पण काहीसा आंबूस दर्प कोंडला होता. गिटारच्या अंगाभोवतीची हस्तिदंती रंगाची किनार मधासारखी पिवळी पडून जागोजागी तडकली होती. कमरेपाशी ती लाकडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी ताणली गेली होती. एका ठिकाणी बोट लावताच तिचा खडीसाखरेसारखा भुगा झाला. खुंट्यांच्या पितळी चक्रांवर हिरवा कळंक चढला होता. "सर, इतकी जपूनही असे का झाले?" असे एका विद्यार्थ्याने विचारले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तत्काळ उत्तर देता आले नाही. पुढे वाचून व कारागिरांना विचारून जे समजले, ते येथे सांगत आहो.

प्रथम ही किनार असते कशासाठी? साडीचा काठ जसा शोभा देतो आणि वस्त्राची कडही राखतो, तसेच हिचे आहे. गिटारची वरची व खालची फळी बाजूच्या पातळ पट्ट्यांना जेथे चिकटवलेली असते, तो सांधा किनारीखाली झाकला जातो. फळीच्या कापलेल्या टोकांतून ओलावा सहज आत-बाहेर होतो, त्यास ती आळा घालते आणि कडेला बसणारे धक्के स्वतःवर घेते.

विसाव्या शतकात अनेक कारखान्यांनी या किनारीसाठी सेल्युलॉइड वापरले. इंग्लंडातील अलेक्झांडर पार्क्स यांनी या जातीचा पदार्थ १८६२ च्या लंडन येथील प्रदर्शनात मांडला होता. पुढे अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधताना १८७० च्या सुमारास त्यास व्यवहारोपयोगी रूप दिले. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होते. त्यात कापूर मिसळला की ते लवचिक बनते. कंगवे, बाहुल्या, चष्म्यांच्या चौकटी, हार्मोनियमच्या पट्ट्यांवरील पांढरे आवरण, सारे यातूनच निघाले. टेबल टेनिसच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत दुसऱ्या प्लास्टिकचे चेंडू आले ते २०१४ मध्ये. तोवर तेथेही सेल्युलॉइडच होते.

दोषाचे पहिले मूळ या कापरातच आहे. देवघरातील कापराची वडी उघडी ठेवली तर ती न वितळता हळूहळू उडून जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सेल्युलॉइडमधील कापूरही असाच वर्षानुवर्षे उडत राहतो. तो गेला की पट्टी आखडते व ठिसूळ होते. वाद्याचा घेर मात्र तेवढाच असतो. मग जेथे वळण आत जाते, त्या कमरेपाशी पट्टी सुटते, नाहीतर ताण असह्य होऊन तडकते. त्यातच लाकूड ओलाव्याने फुगते व कोरड्या हवेत आकसते. गोव्याच्या दमट किनाऱ्यावरील वाद्य दख्खनच्या पठारावर आले आणि मे महिन्यात येथील पारा चाळिशीपार गेला, की लाकूड व किनार यांची ओढाताण अधिकच वाढते.

दुसरे मूळ अधिक घातक आहे. काळ, उष्णता, प्रकाश व दमटपणा यांमुळे नायट्रोसेल्युलोजचे विघटन होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात. हवेतील ओलाव्याशी त्यांचा संयोग झाला की आम्ल तयार होते आणि ते आम्ल उरलेल्या पट्टीचे विघटन आणखी वेगाने घडवते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार! उघड्या हवेत हे वायू विरून जातात. बंद पेटीत ते कोंडतात, स्वतःच्या जननीस खातात आणि शेजारच्या धातूसही गंजवतात. आमच्या पेटीतील दर्पाचा व हिरव्या कळंकाचा उलगडा येथे झाला. धुळीपासून राखण्यासाठी आम्ही जे झाकण लावले, त्यानेच रोग वाढवला होता.

ही कथा केवळ गिटारची नव्हे. मिरजेचे सतार-तंबोरे एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेले असून २०२४ मध्ये त्यांस भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या कडांवरील शुभ्र नक्षी पूर्वी हस्तिदंताची असे. पुढे तेथेही सेल्युलॉइड आले. जुन्या चित्रपटांच्या फितीही, सुमारे १९५० पर्यंत, याच कुळातल्या होत्या. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशा फितींचा साठा होता. ८ जानेवारी २००३ रोजी त्यास आग लागली आणि आपल्या आरंभकाळातील कितीतरी चित्रपटांच्या मूळ फिती भस्मसात झाल्या. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, किनार सेल्युलॉइडची आहे की नाही हे पाहण्यासाठी तिला काडी कदापि लावू नका. ती क्षणात पेट घेते.

मग उपाय काय? वाद्य ऊन, खिडकी व चुलीची उष्णता यांपासून दूर, पण खेळत्या हवेत ठेवावे. पेटीत ठेवणे भागच असेल तर ती वरचेवर उघडावी. पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता लाकडास मानवते. किनार नुसती सुटली असेल तर जाणता कारागीर ती पुन्हा चिकटवतो. आंबूस दर्प, चिकटपणा, भुगा अशी लक्षणे दिसली, तर मात्र ती पट्टी समूळ काढावी लागते. गेलेला कापूर परत येत नाही.

आमची गिटार आम्ही येथील एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्यांनी जुनी किनार उकलली, तेव्हा खालचे लाकूड नुकतेच रंधलेले वाटावे इतके स्वच्छ निघाले. किनारीने आपले काम चोख बजावले होते. आता नवी किनार बसली आहे आणि गिटार आमच्या बैठकीच्या खोलीत, सावलीतल्या भिंतीवर टांगलेली असते. नववीची मुले शनिवारी येऊन ती वाजवतात. त्यांच्या हातून तिला दोन ओरखडेही पडले आहेत. ते पाहून प्रथम जीव हळहळला. परंतु मामांच्या "सांबाळून दवर" या शब्दांचा अर्थ आता कोठे आम्हांस उमगू लागला आहे, असे वाटते.