राजे गेले, खेळ उरला

२३ सप्टेंबर २०२२ च्या रात्री लंडनमध्ये रॉजर फेडरर आपला शेवटचा सामना खेळला. दुहेरीचा सामना होता आणि जोडीला राफेल नदाल होता. दोघे हरले. नंतर बाकावर शेजारी बसून दोघेही रडत होते, ते छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकन ओपनमध्ये पराभूत होऊन सेरेना विल्यम्सने निरोप घेतला होता. पुढे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकनंतर अँडी मरे थांबला आणि नोव्हेंबरात मालागा येथे नदालही थांबला. तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानावर येते : ‘आता टेनिसमध्ये काही राम राहिला नाही.’

हे वाक्य क्रिकेटबद्दल इतक्या सहजपणे कुणी म्हणत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन तेंडुलकर निवृत्त झाला तेव्हा सारा देश हळहळला. पण भारताचा संघ जागेवर होता. पुढच्या सामन्याला लोक पुन्हा टीव्हीसमोर बसले. फुटबॉलचेही तसेच. खेळाडू जातो, क्लब राहतो. टेनिसमध्ये डेव्हिस करंडकासारखे अपवाद सोडले तर संघ नाही. तिथे माणूस हाच संघ आणि माणूस हाच झेंडा. तो गेला की त्याच्या चाहत्याला जायला दुसरे घर नसते.

त्यात या वेळचे राज्य फारच लांबले. फेडररची ग्रँड स्लॅम विजेतेपदे २०, नदालची २२ आणि नोव्हाक जोकोविचने २०२३ च्या अमेरिकन ओपनपर्यंत मिळवलेली २४. तिघांची मिळून ६६. विम्बल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद २००३ पासून २०२२ पर्यंत हे तिघे आणि मरे या चौघांबाहेर गेले नाही. २००३ साली पाळण्यात असलेले मूल कॉलेजात गेले, तरी विजेत्यांची नावे तीच होती.

हे केवळ प्रतिभेमुळे झाले असे नाही. खेळाच्या व्यवस्थेनेही हातभार लावला. २००१ मध्ये विम्बल्डनने मैदानावरचे गवत बदलले. नव्या गवतावर चेंडू अधिक उंच उसळू लागला आणि मागे राहून खेळणाऱ्याला तिथे जम बसवता येऊ लागला. पूर्वी प्रत्येक मैदानाचा पाटील वेगळा असे. पीट सॅम्प्रसने विम्बल्डन सात वेळा जिंकले, पण पॅरिसच्या लाल मातीवर त्याला एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही. ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने पॅरिस तीनदा जिंकले, पण विम्बल्डनला तो उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेला नाही. मैदानांतला फरक कमी झाला तसे एकाच खेळाडूला सगळीकडे राज्य करणे शक्य झाले. त्याच वर्षी मानांकित खेळाडूंची संख्या १६ वरून ३२ करण्यात आली. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत मोठ्या खेळाडूची गाठ दुसऱ्या मानांकिताशी पडेनाशी झाली. मोठी नावे शेवटच्या रविवारपर्यंत टिकावीत अशी ही सोय होती. ती टिकलीही.

मुशायऱ्यात ज्येष्ठ शायर सर्वांत शेवटी वाचतो. पूर्वी शमा ज्याच्यासमोर ठेवली जाई, त्याने वाचायचे असा रिवाज होता. शेवटच्या शायरासाठी थांबलेले लोक आधीच्या पंधरा जणांनाही ऐकत, आणि त्यांतल्याच एखाद्याचा शेर मनात घेऊन घरी जात. टेनिसची शमा मात्र वीस वर्षे तीन-चार जणांसमोरच राहिली. इतरांच्या चेहऱ्यांवर उजेड पडलाच नाही. मग ते पुढे आले तेव्हा ‘हे कोण?’ असे लोकांनी विचारले, यात नवल नाही.

ही हळहळ नवी नाही. सलग पाच वेळा विम्बल्डन जिंकणारा बियाँ बोर्ग १९८३ मध्ये अवघ्या २६ व्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हाही लोक असेच हळहळले होते. मे १९९४ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकन साप्ताहिकाने ‘टेनिस मरते आहे का?’ असा प्रश्न थेट मुखपृष्ठावर छापला. त्या वेळी फेडरर बारा वर्षांचा होता आणि नदाल व जोकोविच जेमतेम सातच्या आसपास.

म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. खेळ जगात टिकतो, पण एखाद्या देशातून उठून जाऊ शकतो. बोर्गमागून स्वीडनने विलँडर आणि एडबर्ग दिले. पण २००२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधील थॉमस योहान्सननंतर २०२५ अखेरपर्यंत एकाही स्वीडिश पुरुषाला ग्रँड स्लॅम एकेरी जिंकता आले नाही. बेकर आणि स्टेफी ग्राफच्या काळात जर्मन टेनिस महासंघाचे सदस्य २० लाखांच्या वर होते. दोघे गेल्यावर ही संख्या घसरत १५ लाखांच्या खाली आली.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे. चेन्नईत १९९७ पासून भरणारी एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये बालेवाडीला आली. २०२२ मध्ये रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी इथेच दुहेरीचे विजेतेपद मिळवले. २०२३ नंतर ही स्पर्धा हाँगकाँगला गेली. स्पर्धा जाण्यामागे अनेक कारणे असतात, पण नुकसान कुणाचे होते ते पाहावे. ग्रँड स्लॅम एकेरीच्या १२८ जागांपैकी १०४ क्रमवारीनुसार थेट भरतात. त्यापलीकडच्या खेळाडूला गुण मिळवण्यासाठी देशोदेशी फिरावे लागते. विमान, हॉटेल, प्रशिक्षक, सारा खर्च त्याचाच. आपल्या सुमित नागलने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले होते, की खात्यावर नऊशे युरोच उरले आहेत. चार महिन्यांनी तोच नागल पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आला आणि त्याने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीयाने मानांकित खेळाडूला हरवण्याची १९८९ नंतरची ती पहिलीच वेळ होती. घराजवळची स्पर्धा गेली की असे खेळाडू आपल्याला दिसेनासे होतात.

टेनिस संपलेले नाही. ८ जून २०२५ ला पॅरिसमध्ये कार्लोस अल्काराझ आणि यानिक सिनर ५ तास २९ मिनिटे झुंजले. पराभवापासून एका गुणावर असताना अल्काराझ तीनदा वाचला आणि जिंकला. २०२४ आणि २०२५ मधली पुरुष एकेरीची आठही ग्रँड स्लॅम या दोघांनी वाटून घेतली. म्हणजे नवे राजे आले. उद्या तेही जातील आणि तेच वाक्य पुन्हा ऐकू येईल. ते आपल्या तोंडी येऊ नये असे वाटत असेल, तर पुढच्या ग्रँड स्लॅमला पहिल्याच दिवशी टीव्ही लावा आणि आडकोर्टावरचा, दोन अनोळखी नावांचा एक सामना शेवटपर्यंत पाहा. खेळाची ओळख तिथेही होते, आणि तिथे दोन आठवड्यांत एखादा नागल भेटतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)