तिसरी प्रकृती, तिसरा पंथ आणि पुढे

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ मध्ये इथे सापडलेला राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट याच वत्सगुल्मातून दिलेला आहे. आता नवल पाहा. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त ठिकठिकाणच्या राजवाड्यांतल्या चालीरीती सांगताना वत्सगुल्माच्या लोकांचा नावानिशी उल्लेख येतो. आणि त्याच ग्रंथात दोन शब्द भेटतात, 'तृतीया प्रकृती'.

प्रकृती! रोग नाही, पाप नाही, शाप नाही. एखाद्याची प्रकृती पित्ताची असते तसा हा माणसाचा मूळ स्वभाव. वात्स्यायन एवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, या प्रकृतीचेही दोन प्रकार आहेत. एक स्त्रीरूपिणी, जिचा वेष, बोलणं, हावभाव स्त्रीसारखे. दुसरी पुरुषरूपिणी, जी चारचौघांत पुरुषासारखीच वावरते, ओढ मनात दडवते आणि अंग चेपून देण्याच्या कामावर पोट भरते. दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की सगळ्यांना एकाच नावाखाली कोंबता येत नाही.

शेत एकच असतं, पण बांध कुठे घालायचा ते प्रत्येक समाज आपापलं ठरवतो. वात्स्यायनाने बांध घातला तो रूपावरून. १८६९ मध्ये कार्ल-मारिया कर्टबेनी या लेखकाने तो हलवला. पुरुषा-पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियाच्या कायद्याविरुद्ध पत्रकं लिहिताना त्याने 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापला. आता प्रश्न उरला तो फक्त, प्रेम कुणावर? तुम्ही दिसता कसे, स्वतःला काय समजता, हे त्या शब्दात कुठेच नाही. न्यायासाठी घडवलेला हा शब्द पुढे डॉक्टरांनी उचलला आणि आजाराचं नाव म्हणून वापरला!

उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची कथा तर थक्क करते. त्यांच्यातल्या स्त्री-पुरुषांच्या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या माणसांना युरोपीय लोक 'बर्डाश' म्हणत. मुळात हा गुलाम किंवा बंदी अशा अर्थाचा फारसी शब्द. युरोपच्या भाषांमधून बिघडत बिघडत तो समुद्रापार, भलत्याच लोकांच्या माथी बसला. १९९० मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहरी त्याच समाजांतली माणसं जमली आणि त्यांनी स्वतःसाठी नाव निवडलं, 'टू-स्पिरिट'. एका देहात दोन आत्मे.

आणि आपण? मराठीत 'तृतीयपंथी' हा शब्द रुळला. त्यातला 'पंथ' किती नेमका आहे! गुरू, चेले, घराणी, दीक्षा, रीतिरिवाज, सगळं त्यात आलं. कोल्हापूर-सांगलीकडचे जोगते यल्लम्मा देवीला वाहिलेले, त्यांची वाट आणखी वेगळी. 'हिजडा' हा शब्द रस्त्यावर शिवी म्हणून फेकला जातो. तोच तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आत्मकथनाच्या नावावर ठळक मिरवला, 'मी हिजडा, मी लक्ष्मी'. शब्द तोच, पण बोलणारं तोंड बदललं की त्याचं वजन पालटतं.

पण समजा, वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा किंवा रिसोडमध्ये मुलगी म्हणून जन्मलेला एक तरुण स्वतःला मुलगा म्हणून ओळखतो. त्याला ना गुरू, ना घराणं. त्याचा पंथ कोणता? त्याच्यासाठी 'पारलिंगी' लागतो. आणि जिचं प्रेम दुसऱ्या बाईवर आहे, पण स्वतःच्या बाईपणाबद्दल जिला तिळमात्र शंका नाही, ती 'समलिंगी'. या दोघांना एकाच खणात टाकणं मला अन्यायाचं वाटतं, कारण दोघांच्या अडचणीच वेगळ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' हा पर्याय पहिल्यांदा आला. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद त्यात झाली. त्या एका शब्दामागे किती तऱ्हांची माणसं असतील!

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येत तर ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री यांच्या शेजारी चक्क 'जोगता' आला. देवीच्या यात्रेतला शब्द थेट संसदेत! ओळखीचं प्रमाणपत्र देण्याचं काम या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं. म्हणजे जुन्या वत्सगुल्मात ते वाशिमच्या कलेक्टर कचेरीकडे आलं.

तमिळनाडूत याहून विलक्षण घडलं. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या, संरक्षण मागायला आलेल्या दोन तरुणींच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आधी स्वतः समुपदेशकाकडे बसून विषय समजून घेतला. पुढे अशा माणसांविषयी कोणते शब्द वापरावेत याची शब्दावली ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या राजपत्रात छापली गेली.

मराठीत मात्र नाम सुधारून भागत नाही, कारण आपलं क्रियापदही लिंग सांगतं. 'तू आलास' की 'तू आलीस'? तोंड उघडताच आपण समोरच्याचा निवाडा करून मोकळे होतो. पण याच भाषेत एक सुरेख वाट आहे. 'तुम्ही कधी आलात?' यात ना स्त्री, ना पुरुष, नुसता मान. मग 'मी सकाळी आलो' म्हणायचं की 'मी सकाळी आले', ते उत्तर देणारी व्यक्ती ठरवते, आणि पुढचं बोलणं तिच्या क्रियापदाने चालू होतं.