दुपारचे ताट

दुपारी दोनचा सुमार. सोलापूरच्या एका मोहल्ल्यातले दोन खोल्यांचे घर. रमजानचा अकरावा रोजा असल्याने घरात सामसूम आहे. सासूबाई जोहरची नमाज अदा करून जरा आडव्या झाल्या आहेत. सासरे मशिदीतच कुरआन वाचत बसले आहेत. मुलगा यंत्रमागाच्या कारखान्यात कामावर गेला आहे. आणि घरची सून स्वयंपाकघराचे दार आतून लावून, ओट्याशी उभ्याउभ्या रात्रीचा उरलेला भात खाते आहे. तिला सातवा महिना लागला आहे.

दाराबाहेर बावीस महिन्यांचा मुन्ना दोन्ही हातांनी दार बडवतो आहे. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून ती हातानेच खाते. चार घास झाले की पाणी पिते, ओठ पुसते आणि दार उघडते. मुन्ना वर बघतो. तिच्या हनुवटीवर भाताचे एक शीत राहिलेले असते. ते तो बोटाने उचलतो आणि स्वतःच्या तोंडात टाकतो.

संध्याकाळी दस्तरखानवर खजूर, टरबुजाच्या फोडी आणि भजी मांडून सगळे अजानची वाट पाहत असतात. शेजारच्या भाभी इफ्तारीची थाळी घेऊन दारात उभ्या असतात. नेमक्या त्याच वेळी मुन्ना टाळ्या वाजवत जाहीर करतो, ‘अम्मी खाई! अम्मी भात खाई!’

कुणी हसत नाही. सून मान खाली घालते. भाभी थाळी ठेवता ठेवता सहज बोलून जातात, ‘हमारे टैम पे तो नववा महिना लगे तक रोजे रखते थे.’

वास्तविक, लपवण्यासारखे काही घडलेलेच नव्हते. सुनेने पहिले तीन रोजे ठेवले होते. चौथ्या दिवशी सहेरीनंतर डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून तिला सरकारी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन ९.४ निघाले. गरोदर स्त्रीमध्ये ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. डॉक्टरांनी रोजे ठेवायला साफ मनाई केली. घरी आल्यावर तिने हे सांगितले तेव्हा सासूबाई ‘बरं’ एवढेच म्हणाल्या. त्या ‘बरं’चा अर्थ सुनेला लावता आला नाही. परवानगी म्हणावे तर त्यात मोकळेपणा नव्हता, नाराजी म्हणावे तर तसा शब्दही नव्हता. तेव्हापासून स्वयंपाकघराचे दार आतून लागू लागले.

रमजानच्या महिन्यात अशी कितीतरी दारे आतून लागतात. रोजा हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. पण ज्या सूरह अल-बकरामध्ये रोजे बंधनकारक केल्याचा आदेश आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला हे दिवस पुढे कधीतरी भरून काढण्याची मुभा आहे. त्याचे कारणही तिथेच दिले आहे: अल्लाहला माणसांसाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होण्याची भीती असेल, तर तिला ही सवलत मिळते, यावर चारही मजहबांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पुढच्या गोष्टीवर. सुटलेले रोजे कसे भरून काढायचे?

हा मतभेद या घरात फोनवरून आला. सून माहेरची रत्नागिरीकडची. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मजहबाचे, तर देशावरचे बहुतेक हनफी. हनफी मतानुसार अशा स्त्रीने सुटलेल्या रोजांची फक्त कजा करायची, म्हणजे पुढे सवडीने तेवढे रोजे ठेवायचे. शाफई मतात थोडा बारकावा आहे. स्त्रीला स्वतःच्या प्रकृतीची भीती असेल तर तिथेही फक्त कजा. पण ती स्वतः ठणठणीत असून केवळ बाळासाठी तिने रोजा सोडला असेल, तर कजेबरोबर फिदियाही द्यायचा. म्हणजे प्रत्येक रोजामागे एक मुद धान्य गरिबाला द्यायचे. एक मुद म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम.

माहेरहून आईचा फोन आला, ‘फिदिया दिलास का?’ सासरी कुणाला फिदियाची सवय नाही. इकडे वृद्ध किंवा कायमचा आजारी माणूस फिदिया देतो, तरण्याताठ्या सुनेने तो कशाला द्यायचा? सून आणखी गोंधळली. आपला रोजा तर नाहीच, वर सुटलेल्या रोजाचा हिशेबही चुकतो आहे की काय, ही बोच तिला लागून राहिली.

हिशेब तिने खरोखरच मांडला होता. कपाटातल्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर. दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये मुन्ना पोटात होता, तेव्हाचे ३०. गेल्या वर्षी तो अंगावर पीत होता, तेव्हा १२ ठेवले, १८ सुटले. मधल्या हिवाळ्यात दिवस लहान असताना ९ भरून काढले. उरले ३९. यंदाचे ३ सोडून २७. एकूण ६६. आणि पुढच्या रमजानला नवे बाळ जेमतेम नऊ-दहा महिन्यांचे असेल. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी थोडा अलीकडे येतो. दोन लेकरांच्या मध्ये तो असा लवकर लवकर येऊन उभा राहतो आणि वहीतला आकडा वाढत जातो.

पंधराव्या रोजाला सासऱ्यांनी मशिदीतल्या मौलानांना विचारले. मौलानांनी एकच प्रश्न केला, ‘डॉक्टरने भीती कुणाची सांगितली? आईची की बाळाची?’ कागदावर हिमोग्लोबिन आईचे होते. म्हणजे यंदाच्या रोजांपुरता दोन्ही मजहबांचा निकाल एकच होता, फक्त कजा. गेल्या वर्षीचे १८ मात्र दूध कमी पडू नये म्हणून सोडलेले. माहेरच्या मताने त्यांचा फिदिया होतो. मौलाना म्हणाले, ‘आईच्या मनाला समाधान हवे असेल तर देऊन टाका. गरिबाच्या घरी तांदूळ गेले तर कोणता मजहब नाराज होणार?’ अठरा मुद म्हणजे सुमारे अकरा किलो. रत्नागिरीत तिच्या आईने तेवढे तांदूळ वाडीतल्या एका विधवेला नेऊन दिले आणि रात्री फोनवर सांगितले, ‘झालं हो. आता नीट जेव.’

वहीतल्या ६६ आकड्यावरही मौलानांकडे उत्तर होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या पत्नी हजरत आयशा (र.) यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की रमजानचे सुटलेले रोजे त्यांना शाबान उजाडेपर्यंत भरून काढता येत नसत. शाबान म्हणजे पुढच्या रमजानच्या अगदी अलीकडचा महिना. पैगंबरांच्या घरातही कजेला अकरा महिने लागत होते. मग जिच्या एका कडेवर मूल आणि दुसरे पोटात आहे, तिला दोन-चार वर्षे लागली तर ती काही गुन्हेगार ठरत नाही. सबब खरी आहे, तोवर मुदतही तिच्या बरोबर आहे.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी मौलानांकडून ऐकलेला एक प्रसंग घरात सांगितला. अनस बिन मालिक नावाचे एक सहाबी होते. पैगंबरांची दहा वर्षे सेवा करणारे प्रसिद्ध अनस वेगळे, हे काब कुळातले. ते मदिनेला आले तेव्हा पैगंबर (स.) जेवत होते. त्यांनी अनस यांना जेवायला बोलावले. अनस म्हणाले, माझा रोजा आहे. त्यावर पैगंबरांनी त्यांना जवळ बसवून समजावले की अल्लाहने प्रवाशाला रोजातून आणि अर्ध्या नमाजेतून सूट दिली आहे, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीलाही रोजातून सूट दिली आहे. ही हदीस पुढे सांगताना अनस यांना एका गोष्टीची हळहळ वाटे: त्या दिवशी आपण पैगंबरांच्या ताटातले दोन घास खायला हवे होते!

हे ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. १९८८ मध्ये रमजान ऐन उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये आला होता. सोलापूरचे ऊन. त्यांना सहावा महिना. मोहल्ल्याच्या नळावर रांग लावून घागर भरताना त्या चक्कर येऊन पडल्या. बायकांनी तोंडावर पाणी मारले, पण घोटभर पाणी पाजायचे कुणाला सुचले नाही. कारण रोजा होता, आणि मगरीबला अजून दोन तास होते. त्या स्वतःही ‘पाणी द्या’ म्हणाल्या नाहीत. पुढे बाळंतपण सुखरूप झाले, त्यामुळे तो प्रसंग घरात हिंमतीची गोष्ट म्हणूनच सांगितला गेला. ‘मुझे किसीने बतायाच नहीं बेटी,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तू आलीस तेव्हा मीही तुला सांगितलं नाही. मी फक्त बरं म्हटलं.’

घरोघरी हेच होते. सवलत ग्रंथात असते, पण ती सुनेपर्यंत पोहोचवायला घरातल्या कुणाच्या तरी तोंडून शब्द निघावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात सगळ्या जातीधर्मांच्या स्त्रिया आहेत. लोहाच्या लाल गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणीही होते. पण गोळी नुसती मिळून भागत नाही. ही सून ती सहेरीला चहाबरोबर घेत होती. चहामुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत घ्यायची नसते. आशाताईंनी हे सांगितले तेव्हा घराचे वेळापत्रक बदलले. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, वर लिंबूपाणी, आणि चहा दोन तासांनी.

राहिला मुन्ना. आईच्या पोटामुळे त्याची मांडीवरची जागा रोज थोडी थोडी कमी होत चालली आहे. दूध त्याने दीड वर्षाचा असताना सोडले. कुरआनने पूर्ण पाजण्याची मुदत दोन वर्षे सांगितली आहे, पण आई आणि वडील दोघांनी आपसात विचारविनिमय करून, दोघांच्या राजीखुशीने आधी सोडवायचे ठरवले तर त्यात दोष नाही, असेही तिथेच म्हटले आहे. दोघांनी. एकट्या आईने नव्हे, आणि तिच्यावर हुकूम सोडून वडिलांनीही नव्हे. इथे तो विचारविनिमय काही झाला नव्हता. दिवस गेले, दूध आटले, मूल रडून रडून विसरले. आता तो सहेरीच्या भांड्यांच्या आवाजाने साडेचारला उठतो आणि ‘अम्मी, उचल’ म्हणून हट्ट धरतो. तिला तो उचलवत नाही.

सोळाव्या रोजापासून सहेरीचे काम नवऱ्याने अंगावर घेतले. भात गरम करणे, दूध तापवणे, आणि मुन्ना उठलाच तर त्याला खांद्यावर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारणे. पहिल्या दिवशी दूध उतू गेले. सासरे म्हणाले, होऊ दे. पैगंबर घरी काय करत, असे विचारल्यावर हजरत आयशांनी उत्तर दिले होते की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजेची वेळ झाली की नमाजेला जात. पैगंबरांनी आपली चिमुकली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा केली आहे. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. नमाजेत लहान मुलाचे रडणे कानी आले तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत. आता आजोबा घरी नफल नमाजेला उभे राहिले की मुन्ना सजद्यात त्यांच्या पाठीवर चढून बसतो. आजोबांचे सजदे अलीकडे लांबले आहेत.

सतराव्या रोजाच्या दुपारी सासूबाईंनी बाहेरच्या खोलीत, दार उघडे असताना, लहानसा दस्तरखान अंथरला. एकच ताट. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, घट्ट वरण, एक उकडलेले अंडे, लिंबाची फोड, शेंगाची चटणी. सून घुटमळली. ‘अम्मा, तुमचा रोजा आहे. तुमच्यासमोर कशी खाऊ?’

‘माझा रोजा माझ्यापाशी. तुझं ताट तुझ्यापाशी. बैठ.’

ती भिंतीला टेकून बसली. मुन्ना धावत आला आणि आता दार बडवायचे कारण उरले नसल्याने सरळ ताटाशी मांडी घालून बसला. तेवढ्यात शेजारच्या भाभी रिकामी थाळी परत न्यायला आल्या. त्यांनी ताट पाहिले, सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंनी मौलानांनी सांगितलेला तो अनस यांचा प्रसंग जसा आठवला तसा सांगितला, थोडा मागेपुढे करून. भाभी थाळी हातात धरून ऐकत राहिल्या.

‘माझ्या पोरीलाही पाचवा लागलाय,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘सासरी रोजे ठेवतेय म्हणे. आज फोन करते तिला.’ उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी विचारले, ‘आणि ती लाल गोळी चहानंतर किती वेळानं घ्यायची म्हणालात?’

सून सांगायला तोंड उघडणार, तोच मुन्नाने भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तिच्या तोंडात कोंबला. ‘अम्मी, खा,’ तो म्हणाला.