खानदान की खाणदान?

माहीत आहे का? ब्रिटनची भावी राणी केट मिडलटन हिच्या आजीचे पूर्वज कोळशाच्या खाणीत राबायचे! उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅम भागातल्या खाणी, हातात कुदळ, अंगभर काजळी. म्हणजे छोट्या प्रिन्स जॉर्जच्या बाबांकडे विंडसरचं खानदान, तर आईकडे अस्सल खाणदान.

आता प्रश्न असा, की हे कळलं कुठून? खाणकामगार काही डायरी लिहीत नव्हता आणि त्याचं तैलचित्रही कुणी काढत नव्हतं. त्याचं चरित्र लिहिलं सरकारी कारकुनांनी, एकेका ओळीत. १९व्या शतकातल्या इंग्लंडचं हे दप्तर म्हणजे गॉसिपची खाण आहे. (खाण पुन्हा आली, माफ करा. अजून येईल.)

पहिली तारीख पाठ करून टाका : १ जुलै १८३७. या दिवसापासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. त्याआधी सगळा कारभार चर्चच्या वहीत.

बाळाची नोंद ४२ दिवसांत करायची. उशीर झाला तर खिशाला चाट. मग आईबाप काय करायचे? सोप्पं! बाळाची जन्मतारीखच थोडी पुढे सरकवायचे. त्यामुळे कित्येक पोरं आयुष्यभर चुकीच्या दिवशी वाढदिवस साजरा करत राहिली.

आणि इंग्लंडमधल्या जन्मदाखल्यावर तारखेसोबत वेळही लिहिलेली दिसली तर? बहुतेक वेळा समजायचं, जुळं! आधी कोण आलं, याचा निकाल कागदोपत्री लागलेला बरा.

एक नजर नावांकडे. १८५४ मध्ये क्रायमियात आल्मा नदीकाठी लढाई झाली आणि घरोघरी ‘आल्मा’ नावाच्या मुली जन्माला आल्या. १८५७ नंतर मुलांची नावं ‘हॅवलॉक’! हो, तेच जनरल हॅवलॉक, लखनौच्या वेढ्यातले. अंदमानातलं त्यांच्या नावाचं बेट २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पण इंग्लंडच्या जुन्या रजिस्टरांत हॅवलॉकभाऊ अजून ठाण मांडून आहेत.

एकाच घरात दोन ‘विल्यम’ दिसले तर मात्र हसू नका. पहिला बहुतेक गेलेला असतो. हजारात सुमारे १५० बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत पोहोचत नसत आणि गेलेल्याचं नाव पुढच्याला द्यायची रीत होती. त्या काळच्या मृत्युदाखल्यावर लहानग्याच्या मरणाचं कारण म्हणून चक्क ‘दात येणे’ लिहिलेलंही सापडतं.

चला, शिरगणतीकडे!

माहीत आहे का, १८४१ मध्ये लाखो लोक एका रात्रीत तरुण झाले? त्या वर्षीच्या शिरगणतीत सामान्य माणसाचं नाव पहिल्यांदाच देशभर नोंदवलं गेलं. पण पंधराच्या वरचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचा हुकूम होता. वय २९? लिहा २५! एवढं जालीम अँटी-एजिंग क्रीम बाजारात अजून आलेलं नाही.

१८५१ पासून खरं वय, जन्मगाव, कुटुंबप्रमुखाशी नातं असे कॉलम आले. १८९१ मध्ये तर सरकारने विचारलं, घरात पाचापेक्षा कमी खोल्या आहेत का? असल्या तर किती? चाळकरी वाचकांना पुढचं सांगायला नको. दोन खोल्या आणि माणसं नऊ, असा हिशेब त्या कागदांवर जागोजागी दिसतो.

आडनावांचा तर नुसता गोंधळ. लिहिता न येणारा माणूस तोंडी नाव सांगणार आणि कारकून कानाला येईल ते लिहिणार. लंडनच्या गल्लीबोळांत ‘ह’ गिळून बोलायची सवय, त्यामुळे हॅरिसचा ‘ॲरिस’ कधी झाला, ते हॅरिसलाही कळायचं नाही. सर्च बॉक्समध्ये शुद्धलेखन विसरा, उच्चार आठवा.

पेशाचा कॉलम म्हणजे माझा लाडका. तिथे काय एकेक हिरे! पहाटे लांब काठीने खिडकी वाजवून कामगारांना उठवणारा ‘नॉकर-अप’, म्हणजे चालताबोलता अलार्म. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या चिनी मातीच्या कारखान्यांतला ‘सॅगर मेकर्स बॉटम नॉकर’. दचकू नका, भट्टीत भांडी ठेवायच्या मातीच्या पेटीचा तळ ठोकून सपाट करणारा साधा कामगार तो. आणि लंडनचा ‘प्युअर फाइंडर’? नाव प्युअर, पण काम रस्त्यावरची कुत्र्याची विष्ठा गोळा करून चामडं कमावणाऱ्यांना विकायचं. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५०च्या सुमारास भाव नोंदवून ठेवलाय : बादलीला ८ ते १० पेन्स. स्वच्छ भारतवाल्यांनी नोंद घ्यावी!

बायकांच्या नावापुढे हा कॉलम पुष्कळदा कोरा. कपडे धुणं, शिवणटिपण, भाडेकरूंचा स्वयंपाक हे सगळं बहुधा ‘काम’ नव्हतंच. या एका गोष्टीसाठी मी त्या कारकुनांना माफ करणार नाही.

लग्नाच्या रजिस्टरात सही कशी आहे, तेही बघा. १८४१ च्या सुमारास जवळजवळ एक तृतीयांश नवरे आणि निम्म्याच्या आसपास नवऱ्या सहीच्या जागी फुली मारायच्या. लग्न म्हटलं की आपल्याकडे अक्षता, तिकडे अक्षरशत्रू!

ख्रिसमसच्या दिवशी लग्नांची ही झुंबड! रोमान्स? छे. त्या दिवशी हक्काची सुट्टी, एवढंच. मँचेस्टरच्या मुख्य चर्चात जोशुआ ब्रूक्स नावाचे पाद्री तर जोडप्यांच्या रांगाच्या रांगा एका दमात उरकायचे. गडबडीत जोड्यांची अदलाबदल झाली, तर बाहेर जाऊन आपापसांत निस्तरा म्हणायचे, अशी आख्यायिका आहे.

बायको वारली, मेव्हणीशी लग्न करायचंय? १८३५ ते १९०७ बेकायदा! मग मंडळी ओळखीचं कुणी नाही अशा शहरात जाऊन गुपचूप बोहल्यावर चढायची. आजोबांचं लग्न गावाबाहेर लागलेलं दिसलं, की पणतवंडांनी भुवया उंचवायला हरकत नाही.

आणि हा तर कळसच. त्या दाखल्यावर वर-वधूच्या बापांची नावं आणि त्यांचे पेशे असत. आईचं नाव? नाहीच! इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईला जागा मिळाली मे २०२१ मध्ये. १८३७ पासून मोजा, म्हणजे चिडायला सोपं जाईल.

आता या दप्तरातला सगळ्यात उलटा न्याय. सुखी माणूस जन्म, लग्न, मृत्यू आणि अधूनमधून शिरगणती एवढ्या कागदांत आटोपतो. नशीब जितकं फाटकं, फाइल तितकी जाड!

चोरी केली? मग उंची, डोळ्यांचा रंग, तीळ, व्रण, हातावरचं गोंदण, सगळं टिपलं जाणार. १७८८ ते १८६८ मध्ये सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियाला धाडले गेले. त्यांच्या दंडावर कुणाची आद्याक्षरं गोंदवली होती, हेसुद्धा कित्येकांच्या बाबतीत आज वाचता येतं. लॉर्डसाहेबांच्या दंडाचं एवढं वर्णन कुणी केलंय?

१८७२ मध्ये लंडनच्या वाँड्सवर्थ तुरुंगात एका कैद्याचा फोटो काढला गेला. गुन्हा : दोन ससे चोरले. शिक्षा : महिनाभर सक्तमजुरी. वय : १०.

वर्कहाउस, म्हणजे गरिबांना आसरा कमी आणि शिक्षा जास्त वाटावी अशी सरकारी कोठी. आत शिरताच नवरा एका विभागात, बायको दुसऱ्यात, मुलं तिसऱ्यात. १८९६ मध्ये लंडनच्या अशाच एका वर्कहाउसात आई आणि भावासह सात वर्षांचा एक मुलगा आला. नाव, चार्ली चॅप्लिन!

गंमत पुढे आहे. १९५२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या सांगण्यावरून ब्रिटनच्या एमआय-फाइव्हने चॅप्लिनचा जन्मदाखला शोधला. सगळी दप्तरं पालथी घातली, मिळाला नाही! जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा, पण कागदोपत्री त्याचा जन्मच झालेला नाही. गरिबीच्या नोंदी मात्र शाबूत.

वर्कहाउसचा शिक्का बाळाला जन्मभर नको, म्हणून १९०४ पासून दाखल्यावर नुसता रस्त्याचा पत्ता लिहायची सोय झाली. लिव्हरपूलच्या वर्कहाउसचा पत्ता झाला ‘१४४ए, ब्राउनलो हिल’. ऐकायला कसा फ्लॅट नंबर!

या सगळ्यात मुंबई कुठे? आहे ना! १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरणी कामगारांची घरं मदतनिधीच्या याद्यांत जाऊन पडली. त्याच वेळी कापसाच्या भावाने मुंबईचे व्यापारी मालामाल! त्या तेजीत प्रचंड कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्याच देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. तिकडे चूल थंड, इकडे टॉवर टोलेजंग.

आणि इंग्लंडमधून अचानक गायब झालेला थोरला मुलगा? तो खडकीच्या लष्करात किंवा रेल्वेच्या इंजिनावर सापडू शकतो. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्ये नामावळी उघडून सात पिढ्या वाचतात, तसा इंग्रज मजुराला कुणी उपाध्याय नव्हता. त्याच्या मदतीला धावली अमेरिकेतल्या युटाची जीनिऑलॉजिकल सोसायटी! १८८१ च्या शिरगणतीतली सुमारे २ कोटी ६० लाख नावं ब्रिटनमधल्या हौशी स्वयंसेवकांनी तिच्या साथीने उतरवून काढली. याच सोसायटीने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म केली आहे, बोला!

शेवटचा बॉम्ब. पूर्व लंडनच्या कामगारवस्तीत वाढलेला नट डॅनी डायर ‘ईस्टएंडर्स’ मालिकेत पबमालक झाला होता. २०१६ मध्ये बीबीसीने त्याची वंशावळ खणली आणि वर निघाला राजा तिसरा एडवर्ड! वाटेत आणखी एक पूर्वज भेटले, थॉमस क्रॉमवेल. १५३८ मध्ये प्रत्येक चर्चात जन्म-लग्न-मरणाची वही ठेवा, असा हुकूम काढणारे तेच ते. ज्यांनी वह्या सुरू केल्या, त्यांच्यापर्यंत वह्या चाळतच पोहोचला पठ्ठ्या!

तुमच्याही कुणा इंग्रज मित्राला नाद लागला, तर त्याला एक सांगून ठेवा. १९२१ ची शिरगणती २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ मधल्या आगीत जळाली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. शंभर वर्षं कुलूप लावायच्या नियमाने १९५१ ची उघडणार २०५२ मध्ये. रिमाइंडर लावा!