समाजमाध्यम प्रभावकांच्या मोबदल्याची निश्चिती : जोखीम आणि विश्वासार्हता

प्रस्तावना :

प्रसिद्ध व्यक्तीकडून वस्तूची शिफारस करून घेण्याची प्रथा जाहिरात व्यवसायात जुनीच आहे. तेथे नट अथवा खेळाडूचे मानधन आधी ठरे आणि नंतर माल किती खपला याच्याशी त्याचा सहसा संबंध नसे. समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर ही स्थिती पालटली. ज्यांना रूढ भाषेत 'इन्फ्लुएन्सर' म्हटले जाते त्या प्रभावकांच्या चित्रफितीसोबत स्वतंत्र दुवा किंवा कूपन कोड देता येतो आणि त्यावरून झालेली विक्री मोजता येते. अॅमेझॉनने १९९६ मध्ये संकेतस्थळचालकांसाठी सुरू केलेली सहयोगी योजना हे या पद्धतीचे आरंभीच्या काळातील एक उदाहरण होय. विक्री मोजता येऊ लागताच मोबदला ठोक द्यावा, विक्रीवर टक्केवारीने द्यावा की केवळ वस्तूच्या रूपाने द्यावा, हा प्रश्न उभा राहिला. वरकरणी हा हिशेबनिसाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात व्यवहारातील जोखीम कोणी वाहायची आणि प्रभावक प्रेक्षकांसमोर काय बोलणार, या दोन्ही गोष्टी त्यातूनच ठरत असतात.

एक काल्पनिक उदाहरण :

देवगडचा एक बागायतदार हापूसची पेटी १,२०० रुपयांना थेट ग्राहकास विकतो व प्रभावकाचा मोबदला सोडून त्यास पेटीमागे ३०० रुपये सुटतात, असे समजू. मराठीत पाककृती दाखविणाऱ्या एका प्रभावकास त्याने १५,००० रुपये ठोक दिले, तर हा खर्च भरून निघण्यासाठी ५० पेट्या विकल्या जाणे आवश्यक ठरते. चाळीसच पेट्या गेल्या तर बागायतदारास ३,००० रुपयांचा तोटा होतो. दोनशे गेल्या तर ४५,००० रुपये त्याच्या हाती राहतात. याउलट दहा टक्के कमिशन ठरविल्यास चाळीस पेट्यांवर प्रभावकास ४,८०० रुपये व बागायतदारास ७,२०० रुपये मिळतात. दोनशे पेट्यांवर हेच आकडे अनुक्रमे २४,००० व ३६,००० होतात. म्हणजे ठोक मानधनात सर्व धोका विक्रेत्याचा, तर कमिशनमध्ये त्याचा मोठा भाग प्रभावकाचा. ५,००० रुपये ठोक आणि पेटीमागे ८० रुपये अशी मिश्र पद्धत स्वीकारल्यास चाळीस पेट्यांवर प्रभावकास ८,२०० व बागायतदारास ३,८०० रुपये मिळतात. कोणीही पूर्णतः बुडत नाही.

तथापि कमिशनची मोजणी दिसते तितकी निर्दोष नसते. चित्रफीत पाहून पुण्यातील ग्राहक कोड न वापरता सरळ बागायतदारास फोन करतो, तेव्हा ती विक्री प्रभावकाच्या खात्यात जमा होत नाही. आंबा उशिरा आला, पाऊस पडला किंवा भाव कोसळला, तर त्यात प्रभावकाचा दोष काय? बाजार समितीतील अडत्या निदान माल डोळ्यांसमोर विकला जाताना पाहतो. प्रभावकास मात्र विक्रेत्याने दिलेल्या आकड्यावरच विसंबावे लागते.

सैद्धांतिक बाजू :

करार सिद्धांतासाठी २०१६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ऑलिव्हर हार्ट यांच्यासमवेत मिळविणारे बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांनी १९७९ मध्ये असे दाखविले होते की, अभिकर्त्याच्या प्रयत्नांविषयी अधिक माहिती देणारे कोणतेही मोजमाप करारात उपयुक्त ठरते. त्यांनी पॉल मिलग्रोम यांच्यासह १९९१ मध्ये मांडलेला विचार येथे अधिक महत्त्वाचा आहे. एकाच व्यक्तीकडे अनेक कामे असतील आणि त्यांपैकी एकच मोजता येत असेल, तर त्यावर जबर प्रलोभन ठेवल्याने बाकीची कामे दुर्लक्षित होतात. प्रभावकाची विक्री मोजता येते. वस्तूचे दोष सांगण्याचा प्रामाणिकपणा मोजता येत नाही. त्यामुळे निव्वळ कमिशनवर काम करणाऱ्यास 'पेटीत काही फळे कच्ची निघतात' हे वाक्य महाग पडते. ठोक मानधनात हा दबाव कमी असतो, परंतु चित्रफीत कशीबशी उरकण्याचा मोह असतो. ज्या वस्तूबाबत अतिशयोक्तीने ग्राहकाचे खरोखर नुकसान होऊ शकते, उदाहरणार्थ औषधी किंवा गुंतवणूक योजना, तेथे कमिशन टाळणेच श्रेयस्कर.

कायदेशीर चौकट :

मोबदल्याचा प्रकार बदलला म्हणून तो जाहीर करण्याची जबाबदारी टळत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शिकेत तर रोख रकमेसोबत मोफत वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातील मुक्काम, इतकेच नव्हे तर कौटुंबिक नातेदेखील जाहीर करण्याजोगा संबंध मानला आहे. हे प्रकटीकरण शिफारशीच्याच भाषेत असावे, अशी अपेक्षा तीत आहे. मराठी निवेदनाखाली इंग्रजी हॅशटॅगांच्या गर्दीत दडविलेला एखादा शब्द त्यामुळे पुरेसा ठरत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार शिफारस करणाऱ्यावरही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वस्तुरूप मोबदला हा फुकटचा असतो, हा समजही चुकीचा आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कलम १९४-आरनुसार वर्षाकाठी २०,००० रुपयांवरील लाभावर दहा टक्के करकपातीची तरतूद झाली. प्रभावकाने मोबाइल अथवा मोटार वापरून परत केल्यास तो लाभ नव्हे, ठेवून घेतल्यास मात्र लाभ, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षीच्या परिपत्रकात स्पष्ट केले. शिवाय मिळालेल्या पेटीतून प्रभावकाचे वीजबिल भागत नाही, हे सांगणे नकोच!

कराराचा मसुदा :

नवख्या विक्रेत्याने प्रथम अल्प ठोक रक्कम व त्यावर माफक कमिशन ठेवावे आणि एका हंगामाचे आकडे हाती आल्यावर प्रमाण बदलावे, हे अधिक व्यवहार्य दिसते. विक्रेता तीच चित्रफीत पुढे स्वतःच्या जाहिरातीत वापरणार असेल, किंवा प्रभावकाने अन्य बागायतदाराचे नाव घेऊ नये अशी अट घालणार असेल, तर त्याचे मूल्य वेगळे ठरवावयास हवे. पुष्कळदा या दोन्ही गोष्टी मूळ रकमेतच गृहीत धरल्या जातात व नुकसान प्रभावकाचे होते. विक्रीचा तपशील किती दिवसांनी दाखवायचा, कमिशन कोणत्या तारखेस द्यायचे आणि फळे खराब निघाल्याने परत आलेल्या पेटीवरील कमिशन कापायचे की नाही, हे मुद्दे पहिली चित्रफीत प्रसारित होण्यापूर्वीच लेखी असावेत.