कडाक्याच्या थंडीतील नेमबाजीचा वर्ग

काश्मीर वा हिमाचल प्रदेशातील उघड्या मैदानावर ऐन जानेवारीत राष्ट्रीय छात्रसेनेच्या छात्रांना पॉइंट २२ रायफलीची नेमबाजी शिकवावयाची झाल्यास पहिला प्रश्न नेमाचा नसून बोटांचा असतो. बधिर बोटाला चापावरील दाब कळत नाही. नेम चुकल्यास निशाणाचा कागद कोरा राहील, एवढेच. परंतु नकळत सुटलेली गोळी कोठे जाईल, याची हमी कोण देणार? म्हणून पाळ्या लहान ठेवाव्यात. बाकीचे छात्र वाऱ्याच्या आडोशाला, हातमोजे घालून थांबावेत. ज्याला स्वतःच्या कोटाचे बटण लावता येत नाही, त्याच्या हाती काडतूस देऊ नये. ही साधी कसोटी शिक्षकाला फार उपयोगी पडते.

पालथे पडून नेम धरताना जमिनीचा गारठा अंगात शिरतो व कापरे भरते. त्यासाठी खाली ताडपत्री व तीवर जाड घोंगडी हवी. कानटोपीमुळे हुकूम नीट ऐकू येत नाहीत. तेव्हा शिटी व हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात.

थंडीत दारूचा जोर किंचित घटतो. २५ मीटरवर त्याने फारसे बिघडत नाही. दाट झालेले तेल मात्र खरी अडचण करते. आघात मंद होऊन काडतूस उडत नाही. अशा वेळी नळी निशाणाकडेच रोखून काही काळ थांबावे, लगेच खटका उघडू नये. वर्गानंतर रायफली थेट उबदार खोलीत नेल्यास थंड लोखंडावर दव धरते. त्या पुसून, हलके तेल लावूनच शस्त्रागारात ठेवाव्यात.