निर्यातीची पत आणि ऑस्ट्रियाचा धडा

परदेशी बाजारपेठ मिळवणे म्हणजे मालाला गिऱ्हाईक मिळवणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वाइनच्या व्यापारात ही समजूत फार तोकडी पडते. द्राक्षमळा एका देशात आणि पिणारा दुसऱ्या देशात. दोघांची गाठ आयुष्यात कधी पडत नाही. त्यांच्यामध्ये उभे असतात निर्यातदार आणि आयातदार. निर्यातदार नमुना पाठवतो. आयातदार तो चाखतो, तपासून घेतो. मग भाव ठरतो, बँकेचे पतपत्र निघते आणि माल रवाना होतो. परंतु सारा माल नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हे प्रत्येक बाटली फोडून कोणीच पाहू शकत नाही. तेथे चालते ती पत. ही पत बुडाली म्हणजे काय होते, याचा दाखला ऑस्ट्रियाने १९८५ साली जगाला दिला. महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदाराने आणि त्याच्या नावाने धोरणे आखणाऱ्या शासनाने तो आजही विसरू नये इतका बोलका आहे.

त्या काळी ऑस्ट्रियाच्या वाइनचा सर्वांत मोठा ग्राहक होता पश्चिम जर्मनी. तेथील बाजाराला स्वस्त आणि गोड वाइन हवी होती. अशी वाइन उशिरा खुडलेल्या, पुरेपूर पिकलेल्या द्राक्षांची होते आणि द्राक्षे तशी पिकणे हवामानाच्या हाती असते. करार मात्र हवामान पाहून थांबत नाहीत. ठरलेल्या दर्जाचा माल ठरलेल्या भावात पुरवणे कठीण झाले, तेव्हा काही व्यापाऱ्यांनी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य मिसळण्यास प्रारंभ केला. त्याने वाइनला गोडी येते आणि दाटपणाही येतो. साखर घातली असती तर ती तपासणीत सापडण्याचे भय होते. या औद्योगिक रसायनाचा शोध वाइनमध्ये घ्यावा, असे कोणत्याही प्रयोगशाळेच्या ध्यानीमनी नव्हते. १९८४ च्या डिसेंबरमध्ये एका अज्ञात व्यक्तीने व्हिएन्नातील सरकारी संस्थेकडे या द्रव्याचा नमुना आणून दिला, तेव्हा कोठे या प्रकाराचा माग लागला.

१९८५ च्या जुलैमध्ये पश्चिम जर्मनीच्या सरकारने जनतेला जाहीर इशारा दिला आणि दुकानांतून ऑस्ट्रियाच्या बाटल्या उतरवल्या गेल्या. थोड्याच दिवसांत काही जर्मन वाइनमध्येही तेच द्रव्य सापडले. ऑस्ट्रियाहून आलेला माल देशी मालात मिसळून तो जर्मन म्हणून विकण्याचा उद्योग तेथील काही बाटलीबंद करणाऱ्यांनी चालवला होता, हे त्यातून उघड झाले. म्हणजे पाप एका बाजूचे नव्हते. तरीही बदनामी पदरी आली ती ऑस्ट्रियाच्या. पुढील वर्षी त्या देशाची वाइन निर्यात पूर्वीच्या सुमारे एक दशांशावर आली. ज्यांनी कधी थेंबभर भेसळ केली नव्हती, त्या लहान शेतकऱ्यांच्या कोठारांतही पिंपे पडून राहिली. नावातील साम्यामुळे जपानमध्ये ऑस्ट्रेलियाच्या निरपराध वाइनलाही काही काळ झळ सोसावी लागली. भीतीला भूगोल नसतो, हेच खरे.

या रसायनाचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. त्यानंतरच्याच वर्षी, १९८६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिल्या गेलेल्या औषधात हेच विष निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. ऑस्ट्रियाच्या प्रकरणात कोणाचा बळी गेल्याची नोंद नाही. मुंबईत मात्र माणसे गेली. दोन्ही ठिकाणी माल अनेक हातांतून गेला, आणि प्रत्येकाने आधीच्या हातावर विश्वास टाकून आपली जबाबदारी पुढे ढकलली.

ऑस्ट्रियाने सारवासारव केली नाही, हे त्या देशाच्या शहाणपणाचे लक्षण म्हटले पाहिजे. त्याच वर्षी तेथे अत्यंत कडक कायदा आला. दर्जेदार वाइनला सरकारी तपासणीचा क्रमांक अनिवार्य झाला आणि बाटलीवर राष्ट्रध्वजाच्या रंगांची पट्टी आली. उत्पादकांनीही स्वस्त गोड मालाचा नाद सोडून कोरड्या, उंची वाइनकडे मोर्चा वळवला. एवढे करूनही निर्यात पूर्वपदावर येण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली. पत घालवण्यास मात्र एक उन्हाळा पुरला होता.

आता आपल्याकडे पाहावे. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक परिसरात वाइनचे कारखाने उभे राहिले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. आजवर या उद्योगाला दीडशे टक्के आयातशुल्काची भक्कम भिंत होती. डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या कराराने ती खचू लागली आहे. पाच डॉलरहून महाग बाटलीवरील शुल्क आरंभीच शंभर टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरहून महाग बाटलीवरील पंचाहत्तर टक्क्यांवर आले. पुढील दहा वर्षांत ते आणखी उतरायचे आहे. यापुढे आपल्या मालाला घरात आणि बाहेर नावाच्या बळावरच उभे राहावे लागेल.

हे नाव किती नाजूक असते, याचा अनुभव द्राक्षबागाईतदारांनी घेतलेला आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेहून अधिक आढळला, माल अडकला आणि शेतकऱ्याचे वर्ष वाया गेले. निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्यांच्या यादीत ते नव्हते. येथे कोणाचा लबाडीचा हेतू नव्हता. परंतु ज्याचा शोध घेतला जात नाही ते सापडत नाही, हा ऑस्ट्रियाचाच धडा नाशिक-सांगलीच्या वाट्याला आला.

तेव्हा आयातदाराच्या प्रयोगशाळेत दोष सापडण्याची वाट पाहणे परवडणारे नाही. ग्राहक देशाचे नियम बदलताच ते मळ्यापर्यंत मराठीत पोहोचले पाहिजेत. तपासणीची यादी दरवर्षी नव्याने तयार झाली पाहिजे. लेबलावर जो मळा आणि जे वर्ष छापले असेल, त्याची कागदोपत्री साखळी सरकारला कोणत्याही दिवशी पडताळता आली पाहिजे. दारूच्या धंद्यात सरकारने इतके लक्ष घालावे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु या धंद्याला उत्तेजन देऊन त्यातून महसूल घेणाऱ्या शासनाला तपासणीच्या वेळी अंग चोरता येणार नाही. निर्यातदाराचा करार मोडला तर तो दुसरा धंदा पाहतो आणि आयातदार दुसरा देश शोधतो. द्राक्षवेल मात्र उपटून दुसरीकडे नेता येत नाही, आणि तिच्यापाशी कर्जासह उरतो तो शेतकरी.